बंद म्हणजे चालू

मामा गेला तेव्हा तो सस्पेंड होता, आणि कामावरही होता. ऐकणाऱ्याला वाटतं दुःखात काहीतरी बरळतोय आम्ही. पण खरं आहे ते. वीज कंपनीने आमच्या मामाच्या बाबतीत हेही करून दाखवलं.

मामा सबस्टेशनवर बोर्डाला बसायचा. म्हणजे कुंपणाच्या आत ते तारांचं जंजाळ असतं ना, त्याच्या मधोमध एक खोली. खोलीत भिंतभर लोखंडी पेट्या, प्रत्येक पेटीला एक दांडा आणि दोन दिवे. लाल पेटला की लाइन चालू, हिरवा पेटला की लाइन मेलेली. कंट्रोल रूममधून फोन आला की ते सांगतील ती लाइन लावायची, सांगतील ती काढायची. "लाव" आणि "काढ". या दोन शब्दांवर मामाचा सगळा जन्म चालला.

पूर्वी त्या खोलीत बसायला खुर्ची मिळायची नाही. चहा, खोकला, भांडणं, सगळं असायचं. मग कंपनीने जुन्या लोकांना लवकर रिटायर करून घरी पाठवलं आणि नवीन घ्यायचे राहूनच गेले. काम शिकवायचं केंद्र होतं, त्याचं साहेबांसाठी गेस्टहाउस झालं. हेड ऑफिसच्या दारात मात्र कारंजं बसलं. मामा मामीला म्हणायचा, "आमच्याकडे आता माणसं कमी आणि पाणी जास्त."

मामीचा धाकटा भाऊ त्याच कंपनीत लाइनमन. खांबावर चढणारा. मामा त्याला मेव्हणे म्हणायचा, तो मामाला दाजी. एकत्र जेवायला बसले की सुरू.

"मेव्हणे, तुमची भरती माणसात झाली का माकडात?"

"दाजी, तुम्ही बसून बसून त्या बोर्डाचंच एक बटण झालात. ताईने दाबलं की उठता."

मामी हसून हसून ठसकायची. पण जीव होता दोघांचा एकमेकांवर. आणि मेव्हण्याचा जीव तर खरोखरच मामाच्या हातात असायचा. इकडे मामाने लाइन काढली, तरच तिकडे वर त्याने तारेला हात लावायचा.

मग ते नवीन कॉम्प्युटर आले. कोणीतरी बाहेरच्या कंपनीने दिलेले, आणि सगळं मराठीत करून दिलेलं. आता त्यात झालं काय, पेटीच्या आत दोन जबडे असतात. ते एकमेकांना भिडले की वीज वाहते. इंग्रजीत त्याला म्हणतात जबडा बंद झाला. ज्याने मराठी केलं त्याने तेच उचललं. लाइन चालू असेल तर पडद्यावर "बंद". वीज काढली असेल तर "उघडं". कंट्रोल रूममध्ये बिलाच्या खात्यातून बदलून आणलेली पोरं बसवलेली. कामाला वाईट नव्हती, पण त्यांना पडद्यावर दिसेल तेच खरं. वरून हुकूम आला की लाव-काढ बोलायचं नाही, गावठी वाटतं. नवीन शब्दच बोलायचे.

मामाने दोनदा बोलणी खाल्ली. मग म्हणाला, शिकतो बाबा. घरी सराव करायला लागला. मामी म्हणाली, "अहो, तो पंखा बंद करा." मामाने जाऊन फुल्ल केला.

"गार वारा लागतोय मला!"

"कंपनीच्या भाषेत बंदच केलाय."

"कंपनीच्या भाषेतच जेवण वाढते मग. बंद आहे ते."

असं करत करत मामाच्या तोंडात बसले ते शब्द. त्यालाच कौतुक वाटायचं, या वयात शिकलो म्हणून.

त्या दिवशी सकाळी मेव्हण्याची गँग हेड ऑफिसकडे जाणाऱ्या लाइनवर होती. एक चिनीमातीचा इन्सुलेटर तडकला होता, तो बदलायचा. लाइन सकाळीच काढायची ठरलेली. पण हेड ऑफिसात मीटिंग होती, तिथून सांगितलं दुपारी काढा. हे कंट्रोल रूमला कळलं, मामाला कळलं, गँगला कोणीच कळवलं नाही. वीज आहे का नाही ते बघायची काठी असते, ती दुसऱ्या गँगने नेलेली. सगळ्यांत मिळून एकच चांगली उरली होती. मेव्हण्याने सरळ मामाला फोन लावला.

"दाजी, आमची लाइन बंद आहे ना?"

मामाने बोर्डाकडे बघितलं. लाल दिवा पेटलेला.

"बंद आहे," मामा म्हणाला.

"बरं." फोन ठेवला.

मामाने चहाचा कप उचलला. आपण सांगितलं लाइन चालू आहे, मेव्हणे थांबतील. कप ओठाला लावला आणि त्याच्या मनात आलं, हा बरं का म्हणाला? थांबायचं असतं तर हा साहेबांच्या नावाने दोन शिव्या देऊन फोन ठेवणारा माणूस. आणि मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. नवीन शब्द फक्त बोर्डवाल्यांना शिकवले होते. लाइनमन लोकांचा वर्ग पुढे ढकललेला, कारण हॉलमध्ये फरशी बसवत होते.

मामाने उलटा फोन लावला. वाजतोय, वाजतोय. चढताना तो खिशातला फोन काढत नाही.

मामा कोणाला विचारत बसला नाही. दांडा धरला आणि लाइन काढली. लाल गेला, हिरवा आला. मग तो खाली बसला. खुर्ची बाजूलाच होती, पण जमिनीवर बसला.

तिकडे मेव्हणा वर पोचलेला, शेजारी ट्रान्सफॉर्मर. त्याची गुणगुण असते ना, आम्ही झोपेतही ऐकतो ती, कोणाचं लक्ष जात नाही. ती थांबली. थांबली म्हणून त्याला कळलं की आत्तापर्यंत होती. हात पुढे केलेला तसाच मागे घेतला आणि खांबाला मिठी मारून राहिला. खालचे ओरडतायत, काय झालं, काय झालं.

उतरल्यावर त्याने फोन केला.

"दाजी, आत्ता काढलीत?"

"हो."

"मग मघाशी काय म्हणालात?"

"बंद म्हणालो."



"ताईला सांगू नका," मेव्हणा म्हणाला. "दोघांनाही घरात घ्यायची नाही."

मामा म्हणाला, "चुकलं माझं." कितीतरी वेळा म्हणाला ते.

लाइन गेली तेव्हा हेड ऑफिसच्या लिफ्टमध्ये मोठे साहेब अडकले होते. चौकशी झाली. शब्दांची नाही, लिफ्टची. हुकूम नसताना लाइन का काढली म्हणून मामा सस्पेंड. पण त्याच्या जागी बसवायला माणूस कुठाय? म्हणून त्याच कागदावर खाली लिहिलेलं, बदली माणूस येईपर्यंत कामावर हजर राहावे. बदली माणूस आलाच नाही. मामा सस्पेंड होऊन रोज डबा घेऊन जायचा. लोक विचारायचे, काय मामा, शिक्षा कशी चाललीय? "आठ तास भरून चाललीय," म्हणायचा.

नवीन शब्द मात्र त्याने सोडले ते सोडले. आणि मेव्हणा त्यानंतर मामाच्या आवाजाशिवाय खांबाला पाय लावेना. मामाची सुट्टी असली तरी फोन घरी. मग मामा शर्ट चढवून सबस्टेशनवर जायचा, डोळ्यांनी दिवा बघायचा आणि सांगायचा, "मेव्हणे, काढली. मी काढली. चढा." तेवढंच. मग घरी येऊन राहिलेली झोप. तब्येत बरी नव्हती तेव्हाही जायचा. मामी ओरडायची, पण तिलाही एव्हाना सगळं कळलं होतं, त्यामुळे ओरडून झालं की तीच छत्री काढून द्यायची.

मामा छातीत कळ येऊन गेला. घरीच, मामी जवळ होती.

पुढच्या आठवड्यात मेव्हण्याला काम आलं. खांबाशी गेला, पट्टा बांधला. बोर्डावर कोणीतरी कंत्राटी माणूस होता. चांगला असेल बिचारा. त्याने फोनवर सांगितलं, "लाइन काढलीय." शब्दही बरोबर होता. काठीही होती या वेळी, दिवा लागला नाही तिचा, म्हणजे वीज नव्हतीच. मेव्हणा खांबाला हात लावून उभा राहिला. मग पट्टा सोडला, गुंडाळला आणि ऑफिसात नेऊन टेबलावर ठेवला.

साहेब म्हणाले, "अहो, तुमच्यासारखा चढणारा दुसरा नाही आमच्याकडे. कुठून आणू?"

मेव्हणा म्हणाला, "साहेब, मलाही सांगणारा दुसरा नाही."

आता तो मीटर बघायला दारोदार फिरतो. परवा मामीकडे आला होता. बसला, चहा घेतला. मामी म्हणाली, "बोल रे काहीतरी. टोमणा मार."

"कोणाला मारू, ताई?" म्हणाला.