राजूरच्या वाटेवरची दोन सीटांची गाडी

नाजिया, बेटी, हे पत्र हातात घे, खुर्ची ओढ आणि नीट बस. आधी तुला रागावते, मग बाकीचं. खालानं (मावशीनं) म्हातारपणी भंगार विकत घेतलं, असं तू नागपूरभर सांगत फिरलीस म्हणे. मला एकदा फोन करून विचारलं असतंस तर तुझ्या मेंदीचा रंग उतरला असता का? नाही विचारलंस, तर आता सगळं वाचावं लागेल. मध्येच उठायचं नाही.

कापसानं पाठ फिरवल्यापासून आपल्या दिग्रसची काय गत झाली ते तू पाहिलंच आहेस. एकामागून एक जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना) बंद पडली. ट्रॅक्टर उभे राहिले, म्हणून आमचं गॅरेजही ठप्प झालं. त्यात तुझ्या खालूंचा (मावशीच्या नवऱ्याचा) पाय मोडला. हाड जुळलं, पण माणूस खाटेवरून उठेना. डॉक्टर म्हणायचे चाला, हे म्हणायचे, चालून जाऊ कुठं? ज्या माणसाला मी जन्मात कधी स्वच्छ नखांनी जेवताना पाहिलं नव्हतं, त्याची नखं पांढरी झाली होती. मला त्या नखांची भीती वाटायची.

अशात शेजारचा तुळशीराम आला. तो टेम्पो चालवतो, आणि हल्ली बंद जिनिंगांतलं लोखंड वाहतो. वणीच्या पुढं, राजूरच्या वाटेवर एका जिनिंगचा लिलाव आहे, तिथल्या शेडात लांब नाकाची, दोन सीटांची गाडी पडली आहे, असं तो सहज बोलून गेला. खालू खाटेवर उठून बसले. ती गाडी तिथल्या म्हाताऱ्या शेठनं विलायतेहून आणवली होती. शर्यतीत पळणाऱ्या गाड्यांची जात. तशी दुसरी आपल्या मुलखात कोणी पाहिली नाही. तरुणपणी खालूंनी तिचा गिअरबॉक्स उघडून बसवला होता, आणि तिच्या आवाजाचं कौतुक मी लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून ऐकत आले आहे. सवतीचं ऐकावं तसं.

"भंगारवाले कापतीन तिले," तुळशीराम म्हणाला.

खालू माझ्याकडं बघून म्हणाले, "इंजन हातानं फिरलं तरच बोली लाव. नाही फिरलं तर गुमान वापस ये."

पैसे माझ्या शिलाईचे होते, त्याची चौकशी तू करू नकोस. मी मात्र त्याच क्षणी ठरवलं होतं, की गाडी येईल तर हा माणूस उठेल.

सकाळी तुळशीरामच्या टेम्पोत बसले. आर्णीला चहा घेतला, यवतमाळला पोह्यांवर तर्री (तिखट तवंगाचा रस्सा) ओतून घेतली. तुळशीरामनं इतकी ओतली की पुढचा सगळा रस्ता तो नाक पुसत चालवत होता. घाटातला पळस पेटल्यासारखा लाल होता. खाली काळ्या रानात पऱ्हाटी (कापसाचं वाळलेलं झाड) उपटून ढीग लावलेले. करंजीच्या अलीकडं टायर बसलं. तुळशीराम जॅक शोधत राहिला, तेवढ्यात मी नट सैल केले. मेकॅनिकच्या घरात राहून एवढं तर येतंच.

तिथं एक बाई डोक्यावर पऱ्हाटीचा भारा घेऊन थांबली. कुठं चालल्या विचारलं. गाडी घ्यायला, मी म्हणाले. तिला वाटलं ट्रॅक्टर. नाही म्हटल्यावर तिनं विचारलं, "मंग काय वाह्यते ते गाडी?"

"काहीच नाही वाहत."

"चांगलं हाय मंग," ती भारा सावरत म्हणाली. "आमच्या घरी सारेच वाह्यतात."

वणी सोडली की रस्त्याचा रंगच बदलतो. कोळशाचे ट्रक जातात, झाडांची पानं काळी, आणि पांढरा रुमाल खिशातून काढायची सोय नाही. जिनिंगच्या फाटकाला कुलूप नव्हतंच, एक दोरी बांधली होती. आत वीस-पंचवीस माणसं. त्या घोळक्यात बाई मी एकटीच.

गाडी सरकीच्या शेडात होती. पोरी, काय दशा! अंगावर कबुतरांची शीट, तारांच्या चाकांत जाळी, टायर जमिनीला चिकटलेले. मी ओढणीच्या टोकानं बोनेट पुसलं, तर खालून हिरवा रंग निघाला, कोवळ्या तुरीच्या शेंगेसारखा. सीटमागं इंजिन हातानं फिरवायचं हँडल सापडलं. तुळशीरामनं ते गाडीच्या नाकाखालून घातलं आणि जोर लावला. हललं नाही. मी म्हटलं, आधी उलट्या अंगानं दे. उलटं दिलं, मग सुलटं दिलं, आणि कुठंतरी पोटात खरखर करून इंजिनानं अर्धा फेरा घेतला. आम्ही दोघं एकमेकांकडं पाहून गप्प बसलो. हसलो असतो तर लोकांना कळलं असतं.

आधी दातेरी मशिनी गेल्या, मग पट्टे, मग कापूस जोखायचा मोठा काटा. मग एक माणूस ताटात विडे घेऊन फिरू लागला. मलाही दिला. लिलाव करणारे मुनीम पाहुणचार करताहेत असं मला वाटलं. मी शुक्रिया म्हणून घेतला.

गाडीचा पुकारा झाला. पिकल्या मिशांच्या एका भंगारवाल्यानं बोली लावली, इतकी कमी की आपल्याकडं त्यात जुनी सायकलही येणार नाही. बाकी सगळे आकाशाकडं बघत उभे. मी त्याच्यावर बोली लावली. एकदम गलका झाला.

"मावशी, तुमी तं पान घेतलं ना?" मिशावाला म्हणाला. "मंग आता बोलता कायले?"

तेव्हा तुळशीरामनं कानात सांगितलं. भंगारवाल्यांची रीत अशी, की आधीच आपसात ठरतं, माल एकानंच उचलायचा. ज्यानं पान घेतलं त्यानं तोंड बंद ठेवायचं, त्याचा वाटा त्याला मागून मिळतो. मुनीमही खाली मान घालून उभे राहिले. त्यांना रोज याच लोकांशी काम. बेटी, शब्द दिलेला मोडायचा कसा? आणि घरी जाऊन त्या पांढऱ्या नखांना काय सांगायचं?

पण माझी एक खोड तुला माहीत आहे. कुठंही पान मिळालं की मी खात नाही, तुझ्या खालूंसाठी ओढणीला बांधून आणते. मला सुपारी चाववते कुठं! मी गाठ सोडली. विडा लवंगेसकट जसाच्या तसा होता. मी चालत गेले आणि सगळ्यांसमोर तो ताटात ठेवला.

"भाऊ, हे तुमचं पान. मले वाटलं पाहुणचार हाय. नवऱ्यासाठी ठेवलं होतं. आता सांगा, मी बोलू का नाही?"

कोणीतरी खुदकन हसलं. मिशावाल्यानं विडा उचलून उलटापालटा करून पाहिला, दात लागलाय का म्हणून. मग मुनीमांकडं वळून म्हणाला, "पान वापस आलं. बाई मोकळी हाय. बोलू द्या तिले."

मग काय, झालीच बोली! तो वाढवी, मी वाढवी. तो मनात लोखंडाचं वजन करत होता, ते मला दिसत होतं. आणि ती गाडी, तुला सांगते, अंगानं हलकी. वजनाच्या पलीकडं बोली गेली तसे त्यानं हात जोडले. मुनीमांनी तीनदा पुकारलं आणि गाडी माझी झाली. मिशावाल्यानं तोच विडा परत माझ्या हातात दिला. "आता घेऊन जा मालकासाठी. आता पाहुणचारच हाय."

त्याच्याच माणसांनी गाडी टेम्पोत चढवली. परतीच्या वाटेवर जिथं थांबलो तिथं गर्दी झाली. आर्णीला एका पोलिसानं विचारलं, हे विमान कुठं नेता? दिग्रसला पोचलो तर अर्धी गल्ली दारात. खालू मात्र घरात नव्हते. काठी टेकत गॅरेजपर्यंत आले होते आणि शटर वर करून बसले होते. पान त्यांनी गालात ठेवलं, बोनेट उघडलं आणि मला म्हणाले, "पाना दे." मी तेरा मिलिमीटरचा दिला. ते म्हणाले, "विलायती हाय वं, इंचाचा दे, तेराचा कायले लागंल!" इतक्या दिवसांनी ते माझ्यावर ओरडले. मी आत जाऊन चहा ठेवला आणि चुलीपाशी पोटभर रडले.

ते सगळे महिने कापसाचा मुलूख आमच्यासमोरून तुकड्या-तुकड्यानं ट्रकात भरून गेला. त्यातलं एवढंच एक आम्ही चालतं परत आणलं. मागच्या जुम्म्याला नमाजनंतर तिचा आवाज निघाला, आणि मला कबूल करावं लागलं, सवत खरंच गोड गळ्याची आहे. खालूंची नखं पुन्हा काळी आहेत. जेवायला बसले की मी ती पाहते आणि अजून एक भाकर वाढते.

तेव्हा आता तू ये. परीक्षा, पाहुणे, काही सांगू नकोस. यवतमाळहून येणाऱ्या एसटीनं ये, स्टँडवर रिक्षा करू नकोस, तुझे खालू हिरव्या गाडीतून न्यायला येतील. फक्त सामान कमी आण, बेटी. डिकीत एक टिफिन आणि त्यांचे पाने, एवढंच मावतं.