काय झालं नाय, ऊठ!

उमरोळीच्या आत्मारामने कबड्डीच्या मैदानात एकदा कुणाचा घोटा धरला, की तो सुटत नसे. समोरचा गडी ओढत न्यायचा, आत्माराम मातीतून फरफटत जायचा, कोपरं सोलून निघायची, पण बोटं सैल व्हायची नाहीत. पुढे वय झालं, बोईसरच्या कारखान्यात पिंपं ढकलून गुडघे गेले, तरी गावात ओळख तीच राहिली. आणि त्याचं ते एक वाक्य. कोणी पडो, लागो, रडो, आत्माराम रेषेवरून ओरडणार, "काय झालं नाय, ऊठ!" वाडीतल्या चिकूवरून पोर पडलं तरी औषध तेच. दुखणं अंगावर काढणं हा त्याच्या मते माणसाचा पहिला गुण. मूर्खपणाला गुण म्हणायची आपल्याकडे जुनीच खोड आहे.

रूपल ही त्याची एकुलती एक लेक. कबड्डीत चढाईला पटाईत, आणि पोलीस भरतीची तयारी जोरात चाललेली. रोज उजाडता उजाडता बापलेक स्कूटरवरून नवापूरच्या किनाऱ्यावर जात. ती ओल्या वाळूत धावायची आणि हा शिट्टी वाजवायचा. सुरुवातीला ती नडगी धरून खाली बसायची, म्हणायची, "बाबा, इथं ठणकतंय." आत्मारामचं उत्तर ठरलेलं. मग एकाएकी तिची कुरकुर बंद झाली. किती पळवा, किती आपटा, पोरीच्या तोंडून हूं की चूं नाही. आत्मारामला आभाळ ठेंगणं झालं. उमरोळी स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर तो येणाऱ्याजाणाऱ्याला धरून सांगायचा, "आमच्या पोरीला दुखतच नाय. हाड माझं हाय ना!"

आता त्याच्या हाडाचं ऐका. गुडघ्यांसाठी डॉक्टरने त्याला दुखणं मारायच्या कडक गोळ्या पाच दिवसांपुरत्या लिहून दिल्या होत्या. गोळ्या संपल्या तशी कंबर धरली, अंग मोडून आलं, कशात लक्ष लागेना. बोईसरमधला एक औषधवाला चिठ्ठी न बघता देतो असं कारखान्यातल्या कोणीतरी सांगितलं, आणि त्या पाच दिवसांची दोन वर्षं झाली. आधी गोळी गिळायची, मग शिट्टी फुंकायची आणि पोरीला ऐकवायचं, दुखणं मनात असतं! शिट्टी, गुडघ्याची पट्टी आणि गोळ्या, सगळं एकाच पिशवीत. लाज वाटायची त्याला. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून तो गप्प बसायचा.

अलीकडे मात्र पाकिटं फार लवकर संपू लागली होती. काल उघडलेलं आज अर्धं. आत्माराम मनातून चरकला. गोळी खाल्ली हेही आपल्याला आठवेनासं झालं की काय? दारुड्याला आपण किती ढोसली ते आठवत नाही, तसं? स्वतःची इतकी शरम वाटली की तो कुणाजवळ बोलला नाही. गुपचूप जास्त पाकिटं आणू लागला.

सालवडला सामने होते त्या दिवशी मैदान भरून गेलं होतं. रूपल चढाईला गेली. कोपऱ्यातल्या मुलीने तिचा पाय धरला, दुसरी अंगावर आली, आणि सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. आत्मारामच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "काय झालं नाय, ऊठ!"

आणि रूपल उठली.

गुडघ्याखाली पाय भलतीकडेच वळलेला आणि पोरगी त्याच्यावर उभी! कपाळाला माती लागलेली, बापाकडे बघून हसतेय. पुढच्या रांगेतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. रूपलने एक पाऊल टाकलं, पाय मधेच दुमडला आणि ती कोसळली. आत्माराम धावत जाऊन शेजारी बसला. "जास्त नाय दुखत बाबा," ती म्हणाली. "खेळू ना?" असली पोर त्याला हवी होती, आणि आता तिच्याकडे बघवत नव्हतं.

पालघरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईने एक्स-रे उजेडात धरला. वयाने लहानच होती, पण आवाज कडक. "काका, हे हाड नुसत्या आजच्या माराने मोडलेलं नाही. त्याला आधीपासून चीर गेलेली होती. या पायावर मुलगी धावत कशी होती?"

आत्मारामचा हात खिशाकडे गेला.

"आणि दुखण्याचं इंजेक्शन दिलंय, ते तिला पुरत नाही. घाम फुटलाय, सारख्या जांभया देतेय, मोडला नाही तो पाय झटकतेय. ती काही गोळ्या घेते का? तिला विचारलं तर नाही म्हणते. शस्त्रक्रिया करायची आहे. भूल देताना अंदाज चुकला तर जिवावर बेतेल."

"नाय," आत्माराम ताडकन म्हणाला. "आमच्या घरात कोण गोळ्या खात नाय." पाकीट त्याच्या खिशातच होतं.

तो बाहेर आला. बाकड्यावर त्याची बायको हिरा बसली होती. दारातून तिने सगळं ऐकलं होतं. "खोटं कशाला बोललात?"

"माझ्या गोळ्यांचा पोरीशी काय संबंध?" तो खालच्या आवाजात म्हणाला.

"तुमच्या खिशातली रिकामी पाकिटं मी रोज कचऱ्यात टाकते. दोन वर्षं झाली, एका शब्दानं बोलले? घरात तमाशा नको म्हणून गप राहिले. पण रूपलच्या गादीखाली सापडायची, ती? मला वाटायचं, मला दिसू नयेत म्हणून तुमीच तिथं लपवताय."

आत्मारामने कधी कुणाच्या गादीखाली काही लपवलं नव्हतं.

म्हणजे तो विसरत नव्हता. तो एकटा खात नव्हता. नवापूरच्या सुरूच्या झाडांआड, पाठ फिरवून, तो रोज गोळी तोंडात टाकायचा, आणि वाळूत नडगी धरून बसलेल्या पोरीला सगळं दिसत होतं. पिशवी तर तीच उचलून आणायची! पाकिटं लवकर संपत होती ती तिच्यामुळे, आणि हा शहाणा आपल्या अब्रूसाठी मुकाट्याने भर घालत होता. आपल्याच हाताने, आपल्याच लेकीला.

तो पुन्हा आत गेला. डॉक्टरीणबाई रूपलच्या खाटेजवळ उभी होती. त्याने खिशातून पाकीट काढलं. त्याचा चुरचुर आवाज झाला मात्र, डोळे मिटून तळमळणाऱ्या रूपलने झटकन मान वळवली आणि तळहात पुढे केला. "बाबा, एकच."

डॉक्टरीणबाईने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "दिवसाला किती?"

"तिच्या की माझ्या?" असं म्हणून आत्माराम थांबला. मग म्हणाला, "माझ्या सांगतो. तिच्या मला ठाऊक नाय."

डॉक्टरीणबाईने पाकीट धरलं आणि ओढलं. ते येईना. तिने पुन्हा ओढलं. "काका, सोडा ना."

आत्मारामने खाली पाहिलं. त्याची स्वतःची गोळीची वेळ कधीच टळून गेली होती, गुडघे ठणकत होते, मानेवरून घाम ओघळत होता. मनाने त्याने पाकीट केव्हाच देऊन टाकलं होतं. बोटं तेवढी सुटत नव्हती. शेवटी हिरा पुढे झाली आणि नवऱ्याचं एकेक बोट धरून उघडू लागली. खाटेवर रूपलचा तळहात अजून तसाच पुढे होता.