लेपमास्तर आणि कोळशाची गोडी

कडू झाकणे हाच ज्यांनी एकतीस वर्षे आपला धर्म मानला, त्यांच्याच पोटी कडू विकायला निघालेली मुलगी यावी, ही भगवंताची थट्टा नव्हे तर काय म्हणावे?

औषधांच्या कारखान्यात त्यांना सगळे लेपमास्तर म्हणत. त्यांची एक मोठी तांब्याची कढई होती. तिरपी, संथ फिरणारी, पोटात हजारो गोळ्या खळाळत ठेवणारी. मास्तर तिच्यात पळीने साखरेचा पाक सोडत, मग गरम वारा देत. पुन्हा पाक, पुन्हा वारा. थरावर थर चढत आणि तापाची जहरी गोळी मोत्यासारखी दिसू लागे. मग एक गोळी ते जिभेवर ठेवत, चावत नसत, मनात आकडे मोजत. चाळिसाच्या आत कडवटपणा जाणवला, तर सगळा घाणा परत कढईत. तपासणीची यंत्रे आली, तपासनीस आले, तरी मास्तरांच्या जिभेचा कौल मिळाल्यावाचून माल पेटीत पडत नसे. आजारी लेकराने औषध घेताना तोंड वाकडे करू नये, एवढीच त्या माणसाची उपासना. ती त्यांनी निष्ठेने केली. आणि निष्ठेच्या सावलीत वाढणारा अहंकारही मनसोक्त पोसला.

ते निवृत्त झाले आणि दोन वर्षांत मुलीने प्रयोगशाळेतली नोकरी सोडून घराच्या मागच्या खोलीत डार्क चॉकलेट करायला घेतले. कोकोच्या बिया भाजायच्या, फोलपटे उडवायची, दगडी चाकांच्या यंत्रात दोन दिवस दळायच्या, तो लगदा संगमरवरी फरशीवर घोळून साच्यांत ओतायचा. साखर नावापुरती.

पहिला तुकडा मास्तरांनी तोंडात टाकला आणि तीन मोजून रुमालात काढला.

"लेप विसरलीस," ते म्हणाले.

"बाबा, याला लेप नसतोच."

"म्हणजे अर्धवट राहिलेलं औषध. कुठल्या रोगावर देतेस?"

"तुमच्या तोंडावर," आतून बायको म्हणाली. "त्याच्यावर अजून काही निघालेलं नाही."

त्या घाण्याचे नाव त्यांनी कोळसा ठेवले. दुसऱ्याला बुटाचे पॉलिश म्हणाले, तिसऱ्याला डांबर, चौथ्याला शाई. आणि त्यांच्या तिरस्काराला खतपाणी घालायला दर पंधरवड्याला चाखणारी मंडळी जमत. एक इमारतींचे नकाशे काढणारा, एक प्राध्यापक, आणि एक बाई, जी तुकडा तोंडात जाण्याआधीच डोळे मिटून घेई. काय त्या रसनेचे सोहळे वर्णावेत. कुणाला त्यात चामड्याची खुर्ची लागे, कुणाला जुन्या ग्रंथालयाचा वास येई, कुणाला बालपण आठवे. चॉकलेट मात्र कुणालाच लागत नसे.

"खुर्ची चाटायची होती तर आमच्या कारखान्यात यायचं होतं," मास्तर दारातून म्हणत. "साहेबांची होती. बरेच जण चाटायचे."

आता जे घडत होते ते त्यांनी कुणालाच सांगितले नव्हते. मुलगी बाहेर गेली की मास्तर मागच्या खोलीत शिरत आणि फुटक्या तुकड्यांचा डबा उघडत. पहिल्यांदा गेले ते दोष काढायला. दोष काढायचा तर तुकडा जिभेवर ठेवावा लागतो. ठेवला की मोजणे आले. पाचाला कडू, पंधराला कडू, तिसाला तो कडवटपणा मवाळ झाला. चाळिसाला ते सवयीने थांबणार, तोच त्यामागून एक आंबूस, पिकल्या फळासारखी गोडी हळूच वर आली. ती कुणी पळीने चढवली नव्हती. ती मुळातच आत होती.

मास्तरांना त्या गोडीचा भयंकर राग आला. आयुष्यभर आपण चाळिसाला थांबलो. त्यापुढे काही असेल, हे मनातही आले नाही. दुसऱ्या दिवशी ते रागारागाने पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. राग ओसरला, जाणे राहिले. आणि जितके अधिक आवडू लागले, तितकी तोंडाने निंदा वाढली.

अशात एका मोठ्या हॉटेलने दोनशे वड्या मागवल्या. पसंत पडल्या तर दर महिन्याला मागणी आणि खोली चालू राहणार. नाही तर पुढच्या महिन्यात मुलीने पुन्हा प्रयोगशाळेत रुजू व्हायचे, असे ठरले होते. सहावा घाणा तयार झाला, वेष्टने चढली. माल सकाळी जायचा होता. दुपारी चाखणारी मंडळी आली. बाईंनी डोळे मिटले.

"धुक्यातलं जंगल," त्या म्हणाल्या.

"मातीचा खोल सूर," प्राध्यापक म्हणाले.

मास्तरांनी एक तुकडा उचलला. दहा मोजले आणि त्यांचा चेहरा उतरला. कारखान्यात एकदा साखरेच्या गोदामात पाणी शिरले होते. तोच कुबट वास.

"हा माल देऊ नकोस."

"का?"

"वाईट आहे."

मंडळी गालात हसली. मुलगी हसली नाही.

"बाबा, तुम्ही कोळसा म्हणालात, पॉलिश म्हणालात, डांबर, शाई, सगळं म्हणालात. आज वाईट म्हणताय. यातलं खरं कुठलं धरू?"

बोलून बोलून माणूस आपल्या शब्दाची पत कशी घालवतो पाहा. ज्या दिवशी त्यांची निंदा खरी होती, त्या दिवशी ती ऐकणारे कुणी उरले नव्हते. ती खरी ठरवायची तर एकच वाट होती: जे चांगले होते त्याला, याच ढोंगी मंडळींसमोर, चांगले म्हणायचे. 

"तिसरा घाणा उत्तम होता," मास्तर अखेर म्हणाले. "चौथ्यात तू बिया कमी भाजल्यास, म्हणून आंबटपणा पुढे आला. पाचव्यात गोडी सत्तर मोजेपर्यंत टिकली. तसं मी आजवर काही चाखलं नाही."

"तुम्ही कधी चाखलंत?"

"रोज. डब्यातले तुकडे."

"आणि मी उंदीर झालेत म्हणून सापळा आणणार होते," बायको म्हणाली.

"याच्यात गोडी येतच नाही," मास्तर म्हणाले. "ओलं पोतं येतं. कोपऱ्यातली बियांच्या पोत्यांची थप्पी हलव आणि भिंत बघ."

मुलीने वरची पोती बाजूला ओढली. खालच्याची पाठ काळी पडली होती. मागच्या नळाच्या सांध्यातून थेंब पाझरत होता. तिने मूठभर बिया नाकाशी धरल्या आणि हॉटेलला फोन लावला. माल सकाळी येणार नाही, असे तिने सांगितले. पलीकडचा खरेदी अधिकारी म्हणाला, आठ दिवस देतो, नवव्या दिवशी आणू नका.

"मला ते जंगल खरंच जाणवलं होतं," बाई पर्स उचलताना म्हणाल्या.  मंडळी निघून गेली.

मुलगी पोत्यांपाशी उभी राहिली. "गेल्या महिन्यात तुम्हाला हा नळ बघायला सांगितला होता, बाबा. तुम्ही म्हणालात, कोळशाला ओलीचं काय भय."

 मास्तर बादली आणि पाना घेऊन भिंतीशी उकिडवे बसले. "कोरडी पोती किती आहेत ते बघ," ते पाठमोरेच म्हणाले. "आणि सकाळी भाजायला घेशील तेव्हा मला हाक मार."