तात्यांसाठी पत्र्याचा ट्रक

आमच्या सासऱ्यांनी बैलाला ‘शाब्बास’ म्हटलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

कुत्र्यालाही म्हणतात. एकदा विहिरीवरची मोटर पहिल्या फटक्यात सुरू झाली, तर तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “शाब्बास गं बाई!” माझे साडू भाऊसाहेब चितेगावला एका कंपनीत फिटर आहेत. त्यांना तर उठता-बसता शाब्बास. पाना हातात घेतला की शाब्बास, खाली ठेवला की शाब्बास! आणि मी? लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तात्यांनी माझ्यासाठी एकच शब्द राखून ठेवलेला: “बसा.” (मी उठलो की घरातलं काहीतरी मोडतं, असा त्यांचा अनुभव. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही.)

तात्या म्हणजे माझी बायको सुनंदा हिचे वडील. गाव सिल्लोडच्या अलीकडं, घरी मका-कपाशीची शेती. पण तरुणपणी तात्या फौजेत ड्रायव्हर होते आणि मनानं अजून तिथंच होते. बर्फाच्या घाटातून मिलिटरीचा तीन टनी ट्रक चालवलेला माणूस! घरात भिंतीवर लग्नाचा फोटो नाही, ट्रकचा आहे. बॉनेटवर कोपर टेकून तात्या उभे, आणि चेहऱ्यावर असं हसू की जे पुढं कुणी कधी पाहिलं नाही. ट्रकचा विषय निघाला की सासूबाई उठून आत जायच्या. म्हणायच्या, “सवतीचं कौतुक किती ऐकू मी?”

त्या उन्हाळ्यात तात्यांना सत्तर वर्षं पूर्ण होणार होती. वाढदिवस एक जूनला. (भरतीच्या वेळी साहेबानं जन्मतारीख विचारली. तात्या म्हणाले, “पेरणीच्या आधी.” साहेबानं एक जून लिहून टाकली.) गावातल्या विहिरींनी तळ गाठलेला, त्यामुळं सुनंदानं जाहीर केलं, “यंदा वाढदिवस आपल्याकडं, औरंगाबादला!” तिकडं पाणी नव्हतं म्हणून इकडं. इकडंही पाणी नव्हतं, पण इकडं निदान टँकर होता.

आमची कॉलनी तेव्हा मुकुंदवाडीच्या पुढं नवीनच झालेली. कालपर्यंत जिथं बाजरी डुलायची तिथं प्लॉटचे दगड रोवलेले. बिल्डरनं माहितीपत्रकात बागेतलं कारंजं छापलं होतं, रंगीत! ते बघून आम्ही घर घेतलं. बाग झाली नाही, कारंजं झालं नाही, आणि नळ तर नुसता सूं सूं करून वारा सोडायचा.

तर ठरलं. तात्यांना भेट म्हणून त्यांचा ट्रक बनवून द्यायचा. हुबेहूब. सगळ्या पाहुण्यांदेखत, भाऊसाहेबांदेखत, कापड बाजूला करायचं आणि त्यांच्या तोंडून तो एक ‘शाब्बास’ काढून घ्यायचा! मी शाळेत भूगोल शिकवतो. नकाशाचं प्रमाण म्हणजे माझ्या हातचा मळ. एका फुटाला एक इंच धरलं. सुनंदाकडचा त्या फोटोचा जुना प्रिंट घेतला, भिंग लावून बसलो, आणि होळीच्या आसपास कामाला लागलो.

“तेलाचा डबा का कापताय?” सुनंदानं दारातूनच विचारलं.

“बॉडी होणार त्याची.”

“रिकामा होता?”

“आता आहे.”

“तेल कशात ओतलं?”

“घागरीत.”

दुष्काळात घरातली एक घागर तेलाची होणं म्हणजे काय, ते मला पुढचे आठ दिवस न्हाणीघरात कळत होतं. त्यानंतर तिची एक स्लीपर गेली. टायरला तसलंच रबर लागतं, त्याला मी काय करणार? एका स्लीपरीत सगळी चाकं बसेनात, म्हणून दुसरीही गेली. स्टिअरिंगला सुनंदाची तान्हेपणीची बांगडी, ताडपत्रीला माझी खाकी पँट, आरशाला तिच्या पावडरच्या डबीतला आरसा.

“अहो, माझ्या बापासाठी करताय ना हे?”

“तर! कुणासाठी?”

“मग सगळं माझंच का जातंय यात?”

पण खरं सांगतो, ट्रक छान झाला. मीच चकित झालो. दरवाजे उघडायचे, बॉनेट वर व्हायचं, बांगडी फिरवली की पुढची चाकं वळायची. मी जेवता जेवता उठून त्याला बघून यायचो. शाळेतून आलो की आधी त्याच्याकडं, मग हातपाय धुवायला. (म्हणजे हातपाय पुसायला.) शेजारच्या मुमताज भाभी बघून गेल्या आणि म्हणाल्या, “भाईजान, क्या कमाल बनाया जी! बिलकुल असली दिखरा!” माझी छाती जी फुगली ती मे महिना संपेपर्यंत खाली आली नाही.

अडचण फक्त रंगाची झाली. फौजी हिरवा मिळेना. दुकानदारानं दिला तो पोपटी. त्यात काळा ओतला, पिवळा ओतला, थोडा तपकिरी ओतला, आणि रंग जमला! पण वाळेना! धरण वाळलं, बोअर वाळले, कॉलनीतली माणसं वाळली, सगळा मराठवाडा कडकडीत वाळला, आणि त्यात एकटा माझा ट्रक ओला! बोट लावलं की बोट हिरवं. तीस मे गेली, एकतीस गेली. एक जूनची सकाळ उजाडली तरी तो चिकटच.

त्या दिवशी टँकरचाही दिवस होता. आमच्याकडं टँकर येण्याआधी रांग लागायची, पण माणसांची नाही, वस्तूंची. पहाटेच गल्लीच्या मध्यावर आपापली वस्तू ठेवून नंबर धरायचा. आधी विटा ठेवायचे, पण सगळ्या विटा सारख्याच दिसतात, त्यावरून एकदा असं रण माजलं की कॉलनीनं नियमच केला: वस्तू अशी पाहिजे की बघताक्षणी घर ओळखू यावं. म्हणून कुणाची बिनदांड्याची बादली, कुणाचं मोडकं स्टूल, भाभींच्या घरची झाकण नसलेली कूलरची पेटी. आमची वस्तू म्हणजे फुटका टब. पण त्या दिवशी पाहुण्यांसाठी सुनंदानं टबातसुद्धा कणीक भिजवलेली!

“पाहुणे दहाला येतील,” ती आतून ओरडली, “आणि घरात एक थेंब नाही! आधी नंबर लावा जाऊन!”

“काय ठेवू?”

“काहीही ठेवा! स्वतः बसा तिथं, पण नंबर लावा!”

मी त्या वेळी ट्रक उन्हात न्यायला उचललेला होता. दोन्ही हात गुंतलेले. आणि गल्लीत तर मस्त ऊन पडलेलं! म्हटलं, एका दगडात... असो. मी ट्रकच रांगेत ठेवला. कूलरची पेटी आणि मोडकं स्टूल यांच्या मधोमध. रंगही वाळेल, नंबरही लागेल, आणि चार माणसं बघतील. (तिसरं कारण खरं, पहिली दोन सुनंदाला सांगायला.) आणि माणसं बघतही होती! एकजण तर चष्मा लावून बघायला वाकला. मी बाजूला उभा राहून, माझं काही नाही बुवा, असा चेहरा करून आभाळ बघत होतो.

तेवढ्यात टँकर आला.

टँकर आला की आमच्या कॉलनीत काय होतं ते शब्दांत सांगणं अवघड. साडीचा पदर खोचला जातो, दाढीचा साबण तसाच राहतो, अर्धी पोळी तव्यावर जळते. ज्यानं त्यानं आपली वस्तू झटकन उचलून भिंतीला लावली आणि ड्रम आणायला धूम ठोकली. आमची गल्ली अरुंद, पुढून बंद. टँकरला उलटं यावं लागायचं. आणि त्या दिवशी त्याला मागं घ्यायला कुणीच नव्हतं. मी होतो! फौजेतल्या ड्रायव्हरचा जावई! मी पुढं झालो, हात वर केला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज लावला.

“येऊ द्या! येऊ द्या! डावीकडं घ्या! येऊ द्या!”

माझं सगळं लक्ष भिंतीला टेकवलेल्या भाभींच्या स्कूटरवर. तिला धक्का लागू द्यायचा नाही, एवढंच डोक्यात.

“भाईजान!” भाभी गॅलरीतून ओरडल्या. “अरे भाईजान, नीचे देखो!”

“देखरा हूं भाभी! स्कूटर को कुछ नहीं होता! येऊ द्या!”

“स्कूटर नक्को देखो जी! वो देखो, वो!”

“येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या...”

कर्रर्र... फट्!

स्कूटरला ओरखडासुद्धा आला नाही, हे मी इथं नमूद करून ठेवतो.

टँकर थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “काय आलं वो मास्तर चाकाखाली?”

“ट्रक,” मी म्हणालो.

“ट्रकखाली ट्रक कसा यील?”

मी खाली वाकून बघितलं. पापड! माझा अख्खा ट्रक तव्यावर दाबलेल्या पापडासारखा सपाट झालेला. बॉनेट कुठलं, टप कुठला, काही ओळखू येईना. रंग मात्र अजून ओलाच होता, तो टँकरच्या टायरला लागलेला. होळीपासूनचे दिवस, सुनंदाच्या स्लीपरा, माझी पँट, सगळं त्या चाकाखाली. आणि आता तात्या येतील, भाऊसाहेब येतील, आणि मी काय, टॉवेल-टोपी देऊ?

डोळे पुसत वर बघितलं तेव्हा कुठं मला तो टँकर नीट दिसला. नेहमीचा नव्हता. निळा रंग जागोजागी उडालेला आणि आतून हिरवा डोकावत होता. लांब बॉनेट. गोल दिवे. जाड मडगार्ड. महिनोन् महिने भिंग लावून ज्याचा एकेक नट मी कागदावर उतरवला, तो ट्रक अख्खाच्या अख्खा माझ्यासमोर उभा, आणि मी त्याला ‘येऊ द्या’ म्हणत होतो! ओळखला नाही!

“ही... ही गाडी कुठली?” मी विचारलं.

“मिल्ट्रीची हाय. लिलावात घेतली मालकानं. मागं टाकी बसवली न् लावली पाण्याला,” ड्रायव्हर म्हणाला.

कोपऱ्यावर रिक्षा वळली. रिक्षा पुरती थांबायच्या आत तात्या उतरले. सत्तर वर्षांचा माणूस, धोतराचा सोगा हातात धरून पळत आला!

“बंद करू नको!” ते ड्रायव्हरवर ओरडले. “इंजन बंद करू नको, बाबा!”

ते बॉनेटजवळ गेले. त्यावर हात ठेवला. ते थरथरत होतं. तात्या नुसते उभे राहिले, आणि त्यांच्या मिशांवरून पाणी गळायला लागलं. त्या कोरड्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतलं फुकटचं पाणी तेवढंच!

मागून सासूबाई पोहोचल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी त्या गाडीला खालीवर बघितलं. “आली बया! इतक्या वर्षांनी हुडकत आली!”

ड्रायव्हर भला माणूस. त्यानं स्वतःहून दार उघडलं. तात्या एका दमात वर चढले, गिअर टाकला आणि गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत नेऊन तशीच उलटी मागं आणली. कुणी ‘येऊ द्या’ म्हणायची गरज पडली नाही. टाकीच्या झाकणातून पाणी हिंदकळत होतं, बायका ओरडत होत्या, “ओ काका, पाणी सांडतंय!” आणि तात्या वरून हसत होते. फोटोतलंच हसू. ते बघून मला खरोखर आनंद झाला. आणि खोटं कशाला बोलू, पोटात जळलंही. अहो, हे हसू माझ्या ट्रकनं आणायचं होतं!

भाऊसाहेब तेवढ्यात मोटारसायकलवरून आलेच. टाकीचा कॉक गळत होता, त्यांनी खिशातून पाना काढून आवळला. (वाढदिवसाला येताना खिशात पाना! असतात काही माणसं.)

“शाब्बास!” तात्या वरून म्हणाले.

तात्या खाली उतरले आणि त्यांचं लक्ष जमिनीकडं गेलं. चेहरा एकदम बदलला.

“ह्यो पत्रा कुणी टाकला इथं?”

सुनंदा दारात येऊन उभी होती. तिनं खाली बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पदर तोंडात कोंबला.

“काय अक्कल हाय का नाय लोकांला?” तात्या कडाडले. “एवढी मोठी धार हाय याला! टायर फाटलं असतं ना गाडीचं! कुणाचा हाय हा कचरा?”

“चाचा, वो तो भाईजान ने इतने दिन...” मुमताज भाभींनी गॅलरीतून सुरुवात केली.

“भाभी!” मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. “आपका ड्रम भर गया! पाणी वाहतंय!”

भाभी आत पळाल्या. मी घरात पळालो. झाडू आणला, सुपली आणली, आणि माझा ट्रक मी माझ्या हातानं भरायला लागलो. बॉडी, दरवाजे, पँट, स्लीपरा. पत्र्याचा बारीकसा तुकडाही राहू दिला नाही. शेवटी जमिनीवर हिरवा डाग उरला, तोही पायानं माती ओढून झाकला.

तात्या कमरेवर हात ठेवून बघत होते. मी सुपली घेऊन उभा राहिलो तसे जवळ आले, माझ्या पाठीवर दणका बसेल अशी थाप मारली आणि अख्ख्या कॉलनीसमोर, भाऊसाहेबांसमोर, खणखणीत आवाजात म्हणाले, “शाब्बास, जावईबापू! झकास झाडलं!”

आता हे ऐकल्यावर एखाद्या स्वाभिमानी माणसानं सुपली खाली आपटली असती आणि सगळं खरंखरं सांगून टाकलं असतं. मी सुपली जरा उंच धरली.

“तात्या,” मी म्हणालो, “पलीकडची गल्ली पण काढू का झाडून?”