गोधडीतला रुपया

ती गोधडी अजून डोळ्यांपुढून हलत नाही. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी अमडापूरला नवा फौजदार, अंगात वारं भरलेलं.

मुंबईच्या कस्टमने एडनला निघालेलं एक पार्सल अडवून चौकशीसाठी आमच्याकडे पाठवलं. फॉर्मवर लिहिलं होतं, 'जुन्या कापडाची गोधडी, एक. आत दुसरे काही नाही.' शिवणीखाली मात्र मूठभर ज्वारी आणि चांदीचा रुपया निघाला. दोन्ही विनापरवाना देशाबाहेर धाडायला बंदी. पाठवणारी एक विधवा. तिच्या वतीने फॉर्म भरून सही करणारे गावचे शाळामास्तर. मला लगेच चांदी चोरून नेणारी टोळीच दिसू लागली.

मास्तरांना ठाण्यात बोलावून रुपयाबद्दल विचारलं. "मले काही माहीत नाही, साहेब," ते म्हणाले. मी टेबलावर हात आपटला. "मग त्या बाईलाच कोठडीत टाकतो!"

मास्तर पांढरेफटक पडले. "नका. तो रुपया मीच ठेवला. घ्या लिहून."

नोकरी जाणार हे त्यांना कळत होतं. मी खुशीत जबाब लिहायला घेतला आणि शिरस्त्याप्रमाणे विचारलं, "कुठे ठेवला?"

"मधोमध."

रुपया निघाला होता कोपऱ्यात. ज्वारीचं तर त्यांनी नावही काढलं नव्हतं. मी टाक खाली ठेवला.

तेवढ्यात ती बाईच दारात उभी राहिली. "गुरुजीले काऊन बसवून ठेवलं? शेवटचा कोपरा म्या शिवला. लेक पहिलटकरीण हाय तिकडं. तिच्या लेकराची गोधडी उपाशीपोटी धाडू का?"

शेवटचा टाका घालताना गोधडीला घास भरवायची तिच्या घरची रीत होती.

"मग मास्तरांनी विचारलं तेव्हा 'आत काही नाही' का म्हणालात?"

"पोटातलं कोनी सांगते का, साहेब?"

जमादार तोंड फिरवून हसला. मलाही हसू आवरेना.

लपवण्याचा हेतू नव्हता, असा अहवाल मी पाठवला आणि तो मान्य झाला. ज्वारी, रुपया बाईंना परत दिले. नवा फॉर्म मी स्वतः भरला. रिकाम्या कोपऱ्यावरून त्या हात फिरवत राहिल्या. मग मास्तरांनी तिथेच बसून लेकीला पत्र लिहिलं, 'पोचल्यावर तिकडचा घास घाल.'

धाक दाखवला की कबुली मिळते. ती खरी असतेच असं नाही. त्या दिवशी मास्तर अंदाजाने 'कोपऱ्यात' म्हणाले असते, तर एका भल्या माणसाला आयुष्यातून उठवून मी स्वतःची पाठ थोपटून घेतली असती.