पेटीवाल्या सोमशेखरांची नवी मोटारसायकल

सोमशेखर बिराजदार सोलापुरात बाळीवेशीत राहतात आणि हार्मोनियम दुरुस्त करतात. त्यांच्याकडे येणाऱ्या बहुतेक पेट्या खेड्यांतल्या भजनी मंडळांच्या असतात. मंडळाचा फोन आला की ते जाऊन पेटी घेऊन येतात, भाता उघडतात, सूर कानशीनं घासून जागेवर आणतात आणि स्वतःच परत नेऊन देतात. मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळून, दोरीनं बांधून. बार्शीपासून मैंदर्गीपर्यंत त्यांना लोक पेटीवाले म्हणून ओळखतात. वय छप्पन्न. बोलणं कमी.

जुनी मोटारसायकल बावीस वर्षं चालली. तिचे सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा यंदा पाडव्याला त्यांनी नवी घेतली. शोरूममध्ये बायको धनलक्ष्मीनं गाडीला हार घातला, हळदकुंकू लावलं. पाच वर्षांची वॉरंटी आहे, असं तिथल्या मुलीनं दोनदा सांगितलं.

नवव्या दिवशी गाडी बंद पडली. अक्कलकोट रस्त्याला, वळसंगच्या पुढं. आधी ओढ कमी झाली, मग दोन आचके बसले आणि इंजिन थांबलं. सेल्फ मारला तरी काही नाही. पंधरा-वीस मिनिटं उन्हात उभे राहिले, पुन्हा सेल्फ मारला, तर गाडी जणू काही झालंच नव्हतं अशी सुरू झाली.

सर्व्हिस सेंटरमध्ये ग्राहकांचं ऐकून घेणारा तरुण होता अजिनाथ. मूळचा बार्शीकडचा, नोकरीला दोन वर्षं झालेली, बोलायला नम्र.

"काका, नवीन गाडी हाय. पहिलं हजार किलोमीटर जाऊ द्या, सेट होती."

"सेट होत असंल, पण बंद कशापायी पडती?"

"पेट्रोलमध्ये पाणी असंल. पंप बदलून बघा."

त्यांनी दुसऱ्या पंपावर पेट्रोल भरलं. गाडी पुन्हा बंद पडली. दुसऱ्या खेपेला सेंटरवाल्यांनी प्लग बदलला आणि गाडीला कंप्युटर लावला. कंप्युटरला काही सापडलं नाही. एका मेकॅनिकनं सेंटरच्या मागच्या रस्त्यानं दोन किलोमीटरची फेरी मारली आणि अंगठा वर केला.

एप्रिलमध्ये मैंदर्गीच्या मठात सकाळी नऊला शिवभजन होतं. तिथली पेटी सोमशेखरांकडे होती. आठपर्यंत पोचायचं म्हणून ते साडेसहाला निघाले, पंपावर टाकी पूर्ण भरली. वळसंग सोडल्यावर गाडी थांबली. सुरू झाली, मग दर थोड्या अंतरावर थांबत राहिली, अक्कलकोटच्या पुढंही. मठात पोचायला सव्वादहा वाजले. आत तबला आणि टाळ यांवरच भजन चाललं होतं. मंडळाचे म्हातारे प्रमुख धोंडप्पा दारापर्यंत आले, "बर्री, सोमण्णा, बर्री," असं कानडीत या-या म्हणाले, पाणी दिलं, सावलीला बसवलं. उशीर का झाला, असं कोणीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं सोमशेखर नंतर घरी म्हणाले. तीस वर्षांत दिलेली वेळ त्यांनी चुकवली नव्हती.

"देऊन टाका त्यांची गाडी त्यांना," धनलक्ष्मी म्हणाली. शेजाऱ्यांनी ग्राहक मंचात जायला सांगितलं. कोणी म्हणालं, व्हिडिओ काढून टाका, लगेच पळत येतात. सोमशेखरांनी यातलं काही केलं नाही. ते तिसऱ्यांदा सेंटरला गेले. या वेळी मॅनेजरनं त्यांना सांगितलं की ते वरच्या गिअरमध्ये हळू चालवत असतील, शिवाय मागं वजन असतं. फॉर्मवर 'ग्राहक समाधानी' असं छापलेलं होतं, त्याखाली सही करायची होती.

"गाडी थांबती आणि समाधानी म्हणून सही करू?" सोमशेखरांनी पेन टेबलावर ठेवला आणि सही न करता गाडी घेऊन गेले.

पुढच्याच आठवड्यात बार्शी रस्त्यावर गाडी थांबली. पेट्रोल आहे का बघावं म्हणून त्यांनी टाकीचं झाकण उघडलं. उघडताना फुस्स असा आवाज आला. त्यांनी सेल्फ मारला, गाडी तत्काळ सुरू झाली. वीस मिनिटं थांबावं लागलं नाही.

त्यांनी गाडी बंद केली आणि तिथंच जरा वेळ उभे राहिले. हवा बाहेर आली नव्हती, आत गेली होती. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. पेटीच्या भात्याची झडप चिकटली की भाता हवा घेत नाही, आणि झडप सोडवली की तो असाच आवाज करतो. इथं पेट्रोल खाली जात होतं आणि त्याच्या जागी टाकीत हवा येत नव्हती. मग पेट्रोल खाली येईना. टाकी पूर्ण भरली की गाडी लवकर थांबायची, कारण वर हवेला जागाच उरत नव्हती. सेंटरवाले तर दोन किलोमीटरच फिरवत होते.

"झाकण खराब हाय. त्येच्यातनं हवा जात न्हाय," त्यांनी अजिनाथला ठामपणे सांगितलं. अजिनाथ हसला, पण झाकण मागवलं. आठ दिवसांनी नवं झाकण आलं, वॉरंटीत बसलं. दुसऱ्या दिवशी वळसंगच्या पुढं गाडी थांबली.

त्या दिवशी सोमशेखरांना गाडीपेक्षा स्वतःचा राग जास्त आला. झाकणात दोष काढणारे आपण कोण, असं वाटलं. दोन दिवस ते सेंटरला गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले आणि अजिनाथला बाजूला घेऊन म्हणाले, "माझं चुकलं. झाकण न्हवतं. पण हवेचं खरं हाय. टाकी फुल करू, तुमी चालवा, मी मागं बसतो. वळसंगच्या पुढं जाऊ."

"काका, पाच किलोमीटरच्या वर टेस्ट राइडची परवानगी नसती आमाला."

"मग काय करायचं, तुमीच सांगा."

अजिनाथनं इकडंतिकडं पाहिलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "मंगळवारी माझी सुट्टी असती."

मंगळवारी तो सकाळी बाळीवेशीत आला. धनलक्ष्मीनं त्याला पोहे दिले, त्यानं ते उभ्यानंच खाल्ले. पंपावर टाकी भरली आणि दोघं निघाले. वळसंग गेलं. पुढं दहा-बारा किलोमीटरवर गाडीची ओढ कमी झाली, दोन आचके बसले आणि इंजिन थांबलं. अजिनाथनं चार वेळा सेल्फ मारला. मग प्लगची वायर हलवून पाहिली.

"आता झाकण उघडा," सोमशेखर म्हणाले.

अजिनाथनं किल्ली फिरवली. फुस्स. त्यानं झाकण लावलं, सेल्फ मारला, गाडी सुरू झाली. तो गाडी बंद करून रस्त्याच्या कडेच्या बाभळीखाली जाऊन बसला. तिथून म्हणाला, "तीन वेळा मीच लिहिलं की काका, फॉल्ट सापडला न्हाय म्हणून."

"सापडत न्हवता, म्हणून लिहिलं."

"मी हुडकलाच न्हाय."

दुसऱ्या दिवशी अजिनाथनं मॅनेजरला सगळं सांगितलं. सुट्टीच्या दिवशी ग्राहकाची गाडी चालवल्याबद्दल त्याला बोलणी खावी लागली, पण टाकी उचलायची परवानगी मिळाली. सेंटरमधल्या एका जुन्या मेकॅनिकनं सीट काढली, टाकी वर केली आणि खाली हात घातला. टाकीला हवा देणारी बोटाएवढी जाड रबरी नळी टाकी आणि चासी यांच्यामध्ये दबून चपटी झाली होती. गाडी जोडतानाच तिथं अडकली असणार. मेकॅनिकनं नवी नळी घातली, ती मोकळ्या जागेतून फिरवून घेतली. चाळीस मिनिटं लागली.

जुनी नळी कंपनीला परत पाठवायची होती. सोमशेखरांनी ती बघायला मागितली. एका टोकाला ओठ लावून त्यांनी फुंकर मारून पाहिली, दुसऱ्या टोकाला तळहात धरला. अगदी थोडी हवा आली. त्यांनी नळी परत दिली. या वेळी फॉर्मवर सही केली.

नंतर गाडी बंद पडली नाही. पावसाळ्यात मागचा दिवा एकदा गेला, तोही वॉरंटीत मिळाला. मैंदर्गीच्या मंडळानं श्रावणात पुन्हा पेटी दुरुस्तीला दिली, तेव्हा ती परत द्यायला ते वेळेच्या तासभर आधी पोचले आणि मठाच्या ओट्यावर बसून राहिले.

दिवाळीच्या आधी अजिनाथचा फोन आला. त्याच मॉडेलच्या आणखी दोन गाड्या त्यानं बोलावून घेतल्या होत्या, दोन्हींची नळी तशीच दबलेली निघाली. आता गाडी बंद पडते म्हणून कोणी आलं की, टाकीत पेट्रोल किती होतं, हे तो आधी विचारतो.

"बरं झालं," सोमशेखर म्हणाले. समोर एक गावकरी पेटी घेऊन बसला होता. त्याला थांबवायला नको म्हणून त्यांनी फोन ठेवला.