लायसन्सवर खूण मी केली

सरांनी आईच्या हातातून कागद काढून घेतला. दोन बोटांनी.

"ठेवा ते, बाई. ते वाचायचं असतं. पुसायचं नाही."

सर माझे पीएचडीचे गाइड. केबिनमध्ये त्यांचे आणखी दोन रिसर्च स्कॉलर बसले होते. ते हसले. मीही हसले. हे लपवता आलं असतं, तरी लिहिते. मीही हसले.

आई ड्युटीवरून सरळ आली होती. अंगात एजन्सीचं चमकणारं जॅकेट तसंच. मीच तिला फोन करून बोलावलं होतं, कारण माझा पहिला लेख एका जर्नलने स्वीकारला होता. लेख झाडू मारणाऱ्या बायकांवर होता. खासगी एजन्सीकडे ठेक्यावर असलेल्या, आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरात कॉलन्या आणि बाजार झाडणाऱ्या बायका, बऱ्याचशा आमच्यासारख्या मराठी घरांतल्या. ड्युटीत लघवीला जायला जागा नाही म्हणून त्या पाणी पीत नाहीत. उन्हाळ्यातसुद्धा. हे मला आईने सांगितलं, तिच्यासोबत झाडणाऱ्या शांताबाईंनी सांगितलं, बाकीच्यांनी सांगितलं. मी ते इंग्रजीत लिहिलं. सरांच्या टेबलावर प्रिंट पडली होती. त्यातलं आईचं बोलणं असलेलं पान मी तिला बोटाने दाखवलं आणि तिने ते उचललं. एवढाच तिचा गुन्हा.

जिना उतरताना मी म्हटलं, "सरांचा स्वभावच तसा आहे गं."

"त्यांचं जाऊ दे. तू का हसली?"

ती सिटी बस धरून निघून गेली.

आमच्या डिपार्टमेंटची एक रीत आहे. लेख विद्यार्थ्याने लिहायचा, पण जर्नलला ईमेल सरांचाच द्यायचा. मग जर्नलकडून जे काही येईल ते सरांकडे येतं, फॉर्म सर भरतात, आणि विद्यार्थ्याला लेख छापून आल्यावर कळतं. याला कोणी अन्याय म्हणत नाही. पद्धत म्हणतात. माझ्या हातून ती पद्धत चुकून मोडली. लेख पाठवायच्या दिवशी सर भाचीच्या लग्नात होते. साइट ईमेलवर आलेला कोड मागत होती आणि सर फोन उचलत नव्हते. मी माझा ईमेल टाकला. नंतर बदलू म्हटलं आणि विसरले.

म्हणून लायसन्सचा फॉर्म माझ्याकडे आला.

लेख सगळ्यांना फुकट वाचता येणार होता, ते ठरलेलंच होतं. वाचणाऱ्याने पुढे त्याचं काय करायचं, एवढंच लेखकाने ठरवायचं होतं. दोन पर्याय होते. पहिला सीसी बाय. लेखकाचं नाव द्या, मग लेख वाटा, त्यातलं उचला, भाषांतर करा. दुसऱ्याचं नाव लांबलचक होतं, सीसी बाय-एनसी-एनडी. धंद्यासाठी वापरायचा नाही, आणि वाटायचा तर जसाच्या तसा. भाषांतर करून वाटायचं नाही. शिवाय या दुसऱ्या पर्यायात हक्क जर्नलकडे जात होते, म्हणजे लिहिणारीलाही परवानगी मागावी लागणार. भाषांतराचं वाक्य मी तीनदा वाचलं. जसाच्या तसा म्हणजे इंग्रजीत. म्हणजे आईने सांगितलेलं आईपर्यंत परत जाणार नव्हतं.

लेखावर दुसरं नाव सरांचं होतं. दोन परिच्छेद वर-खाली करण्यापलीकडे त्यांनी काही केलं नव्हतं, पण नाव होतं. न विचारता खूण करणं बरोबर नव्हतं, म्हणून मी विचारायला गेले.

"दुसरं टिक कर," सर फोनमधून मान वर न करता म्हणाले.

"का सर?"

"अगं, उद्या कोणीतरी हिंदीत करेल आणि चौकात चिकटवेल. त्या एजन्सीच्या सल्लागार मंडळावर मी आहे, उत्तर कोण देणार? इंग्रजीत आहे तोवर तो रिसर्च आहे. हिंदीत आला की तक्रार होते."

इतकी वर्षं मी या माणसाला विद्वान समजत होते. आज पहिल्यांदा ते खरं बोलले होते.

"बायकांना विचारून सांगते," मी म्हटलं.

"कोणाला?" सर मोठ्याने हसले. या वेळी मी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर बायका अन्नपूर्णा मंदिराजवळ एका बंद दुकानाच्या पायरीवर पोहे खात बसल्या होत्या. मी दोन्ही पर्याय समजावले. पहिल्यातला धोकाही सांगितला. कोणीही त्यातलं काहीही उचलू शकतं. एजन्सीसुद्धा सोयीचं एखादं वाक्य उचलून स्वतःच्या जाहिरातीत छापू शकते.

शांताबाईंनी प्लेट बाजूला ठेवली. "छापू दे ना. पूरा लेख तर लोकांच्या हातात राहील? नावं तर तू बदललीच आहेत. मग डर किस बात का?"

आई म्हणाली, "सरजी काय बोलले?"

"दुसरं करा म्हणाले."

"मग पहिलं कर."

सगळ्या हसल्या. मला मात्र रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

तिथून मी सरळ सरांकडे गेले.

"सर, मी पहिल्यावर खूण करणार आहे."

"मग माझं नाव काढ. आणि गाइडही दुसरा बघ."

हे वाक्य त्यांनी आधीही बऱ्याच जणांना ऐकवलं असणार. ते ऐकून मुलं माफी मागतात, दोन दिवस मागे-मागे फिरतात आणि प्रकरण मिटतं. सर वाट बघत होते.

"ईमेलवर लिहून देता का, सर? नाव काढायचं तर जर्नलला तुमची संमती लागेल."

त्यांचा चेहरा उतरला. मग रागारागात त्यांनी माझ्यासमोरच टाइप केलं. एकच ओळ. त्यांनी धमकी दिली होती, मी ती संमती म्हणून घेतली. जर्नलने मान्य केलं. त्याच दिवशी मी पहिल्या चौकटीत खूण केली.

आता डिपार्टमेंटमध्ये कोणी मला गाइड करायला तयार नाही. त्या दिवशी हसलेल्यांपैकी एक कँटीनमध्ये हळूच म्हणाला, "बहुत बड़ी गलती कर दी तूने." असेल. घरातली मी पहिली कॉलेजला गेलेली मुलगी. पीएचडी बुडाली तर काय बुडेल ते मला माहीत आहे. भीती वाटते. रोज वाटते.

पण भाषांतर मी केलं, मराठीत. आईला समोर बसवून, एकेक वाक्य वाचून. आणि तिथे माझीच लाज निघाली. इंग्रजीत मी लिहिलं होतं की कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृहांची सुविधा मर्यादित होती.

आईने मला थांबवलं. "मर्यादित म्हणजे?"

"म्हणजे कमी."

"कमी कुठे होती? नव्हतीच. मी तर तुला नव्हतीच सांगितलं होतं."

असं पानापानावर निघालं. सरांनी सांगितलं म्हणून नाही. जर्नलच्या परीक्षकांना बरं वाटावं म्हणून मीच आईचं बोलणं गुळगुळीत केलं होतं. मी ते सगळं खोडलं आणि तिने सांगितलं तसं लिहिलं.

शांताबाईंनी त्याच्या प्रती हजेरीच्या खोलीबाहेर लावल्या. दोनदा फाडल्या गेल्या, तिसऱ्यांदा लावल्या. एजन्सीचा सुपरवायझर विचारत होता, कोणाच्या परमिशनने लावलं. शांताबाईंनी त्याला खालची लायसन्सची शेवटची ओळ बोटाने दाखवली: लेखिकेचं नाव देऊन हे कोणीही वाटू शकतं.

गाइड मिळाला तर पीएचडी करीन. नाही मिळाला तर पीएचडीशिवाय लिहीन. पुढचा लेख मी आधी मराठीत लिहिणार आहे, या बायकांना वाचून दाखवणार आहे, आणि त्या हो म्हणतील तेव्हाच पाठवणार आहे. सरांना तो इंग्रजीत हवा असेल तर त्यांनी बसून भाषांतर करावं. माझी ना नाही.